गोळ्यांची पट्टी

आज खान्देशातल्या एका कारागृहाच्या मुलाखतीच्या खिडकीपाशी आमच्या गल्लीतल्या मावशींबरोबर तीन तास उभा होतो. चोपड्याहून पहाटेची एसटी. पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा आणि रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी. भाकरी परत आली. गोळ्याही. "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा." चिठ्ठी होती, पण जुनी.

मुलगा समोर आला, तर आईला ओळखायला त्याला वेळ लागला. औषध बंद होऊन महिना झालाय. बराकीत त्याला सगळे 'येडा' म्हणतात. मावशी जाळीला हात लावून शिपायाला एकच सांगत होत्या, "मना आंडोर (माझा मुलगा) येडा नही शे भाऊ, आजारी शे."

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे. त्याच्या कलम १०३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या कैद्याला उपचारासाठी हलवता येतं. तुरुंगातल्या डॉक्टरांना या आजारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. मग रोजची गोळी का मिळत नाही? मधुमेहाच्या कैद्याचं औषध असं तोडलं असतं का? गुन्ह्याचं काय ते कोर्ट ठरवेल. आजाराची शिक्षा कुणी दिली?

कुणाचं माणूस आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. उपचारांचे जुने कागद जपून ठेवा, अगदी चुरगळलेलेसुद्धा.

सोमवारी नवी चिठ्ठी आणि अर्ज घेऊन आम्ही परत जातोय. मावशींनी पट्टी पुन्हा त्याच रुमालात बांधून ठेवलीय.