साडेआठ हजारांचं लिगेचर आणि सुती दोरा

दिवाळीच्या बोनसमधून मी माझ्या क्लॅरोनेटसाठी ८,५०० रुपयांचं लिगेचर घेतलं. रीड, म्हणजे फुंकल्यावर कंपणारी वेताची पातळ पट्टी, माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, आवळून धरणारं कडं, एवढंच त्याचं काम. जुनं कडं वाद्याबरोबरच आलेलं, दोन स्क्रूंचं, साधं. नवं चढवलं, यमनचे चार स्वर लावले आणि आवाज भरदार झाल्याचं मला अगदी स्पष्ट जाणवलं. त्या रात्री दोन तास वाजवत बसले.

मग कोल्हापूरला मामांकडे गेले. मामांनी ४० वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. वराती, गणपतीच्या मिरवणुका, उन्हात, धुळीत. दात गेल्यापासून वाजवत नाहीत, कान मात्र तसाच आहे. म्हणाले, "मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तू बदलत ऱ्हा, मी सांगतो कुठलं ते." आणि उठून शिलाईच्या डब्यातून जाड सुती दोरा आणला. तिसरं लिगेचर म्हणून.

दोऱ्याचं मला नवल वाटलं नाही. सनईची पत्ती दोऱ्यानंच बांधतात. जर्मन परंपरेतले कितीतरी वादक आजही क्लॅरोनेटच्या रीडला दोराच गुंडाळतात. स्क्रूचं धातूचं कडं आलं १९व्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचं श्रेय इवान म्युलर या वादकाला देतात. म्हणजे मोझार्टनं १७९१ मध्ये क्लॅरोनेटचा कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा रीडवर दोराच असणार.

रीड एकच ठेवली आणि तिच्या जागेची माउथपीसवर पेन्सिलीनं खूण केली. रीड केसभर वरखाली सरकली तरी आवाज बदलतो. लिगेचर बदलल्यावर ऐकू येणारा पुष्कळसा फरक हाच असावा, असं मला आता वाटतं. मधूनमधून तेच कडं काढून परत बसवलं, म्हणजे लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधता येऊ नये. १५ वेळा वाजवलं. मामांनी ६ वेळा बरोबर ओळखलं. न ऐकता नावं घेतली असती तरी ५च्या आसपास जमलीच असती.

मला मात्र दर वेळी फरक जाणवत होता, आणि ते खोटं नव्हतं. वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात, कंप हाडांतून थेट कानात जातो. समोर बसलेल्याला तो कंप मिळत नाही. शिवाय कुठलं कडं चढवलंय हे मला ठाऊक होतंच.

मामांनी पकडलं ते वेगळंच. "खालचा ई दाबून काढतीयास. हवा गळतीय कुठंतरी." ई म्हणजे क्लॅरोनेटचा सगळ्यात खालचा स्वर. सिगारेटचा पातळ कागद एकेका पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीखाली, सरकवून, तिची की (पट्टी) दाबून, हळूच ओढून पाहिला. खालच्या भागातल्या दोन पॅडखालून तो सहज निसटला. ६०० रुपयांत पॅड बदलून घेतले. एक भोक नीट झाकलं गेलं नाही, की त्याच्या खालचे सगळेच स्वर अडखळतात. आता तो ई फुंकरीसरशी बोलतो. माझी पाच वर्षांची तक्रार होती ती! मी ओठांना दोष देत होते.

महाग वस्तू सगळ्याच फुकट, असं मी म्हणणार नाही. माउथपीस बदललं तेव्हा तर मामांनी पाठ फिरवूनही पहिल्या स्वराला ओळखलं. रीड आणि माउथपीस यांच्या टोकांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर असते. ती थोडी बदलली की फुंक, रीडचा नंबर (तिचा कडकपणा), सगळंच बदलतं. तिथे पैसे घालावेत. आणि रीडवर. पावसाळ्यात रीडचं टोक लाटेसारखं वाकडं होतं, म्हणून मी चार रीड आलटूनपालटून वापरते आणि काचेवर सपाट ठेवून वाळवते. त्याला खर्च काहीच नाही.

बॅरलचं, म्हणजे माउथपीसच्या लगेच खालच्या आखूड नळीचं, अजून ठरत नाही. थंडीत सकाळी माझं वाद्य उतरतं. माझा सी म्हणजे पेटीची काळी पाच, आणि बॅरल पूर्ण आत सारूनही ती जुळत नाही. एका मित्राचं ६५ मिलिमीटरचं बॅरल लावून पाहिलं. माझ्या ६६च्या मानानं स्वर चढलेला ट्यूनरवर दिसला. हे मोजता येतं. पण त्याच मापाची दोन बॅरलं, एक साधं आणि एक तिप्पट किमतीचं, यात काय फरक? दोन्ही उसनी मिळतील असं दिसतंय. मिळाली की पुन्हा कोल्हापूरला जाईन आणि मामांना भिंतीकडं तोंड करून बसवीन.