शाळेच्या कार्डावर घराचं सामान

आज 'बॅड एज्युकेशन' हा इंग्रजी सिनेमा पाहिला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या रोझलिन शाळा-जिल्ह्यातून (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेतून) १ कोटी १२ लाख डॉलर लाटले गेले, त्या खऱ्या घोटाळ्यावरचा. ह्यू जॅकमन झकासच, पण खरी गंमत व्हाउचरांत आहे. जिल्ह्याचे पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या बाईंच्या लेकानं शाळेच्या कार्डावर घराचं सामान उचललं आणि बाईंचं बिंग फुटलं. २००२ साली शाळांच्या बोर्डानं पोलिसांत न जाता बाईंचा राजीनामा घेतला, थोडे पैसे वसूल केले. इथंच माशी शिंकली! गुन्हा नोंदवला नाही, म्हणून जुनी बिलंही कुणी उकरली नाहीत. शेवटी शाळेच्या वृत्तपत्रात लिहिणारी एक विद्यार्थिनी फायली चाळते, पुरवठादाराच्या पत्त्यावर जाते, तर तिथे राहती इमारत. एवढी पडताळणी ऑडिटरला अर्ध्या तासात जमली असती. २००४ मध्ये प्रत्यक्षातही बातमी आधी शाळेच्याच वृत्तपत्रानं दिली होती.