बीबची जॉयस्टिक: सेंटर जागेवर बसलं, आता रेंजचं बघू

मंडळी, माझ्या बीबच्या (बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरचं लाडकं नाव) जॉयस्टिकच्या डाव्या-उजव्या दिशेचं, म्हणजे एक्स अ‍ॅक्सिसचं सेंटर एकदाचं जागेवर बसलं. मशीन तासभर तापू दिलं, स्टिकला हात लावला नाही, आणि स्क्रीनवरचा आकडा (पट्टी ० ते ४०९५ ची) २०४० ते २०५५ च्या बाहेर पडला नाही. मागचे अपडेट वाचलेल्यांना यातला आनंद कळेल. बाकीच्यांना वाटेल की हा माणूस एका आकड्याकडे तासभर बघत का बसला होता. वाटू दे.

उजळणी थोडक्यात. मशीन तेच, मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचं युनिकॉर्न, म्हणजे आतून ब्रिटनच्या अकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांना बीबीसी मायक्रोच दिले होते. त्यांच्याबरोबर जॉयस्टिक आल्या असत्या, तर हेडमास्तरांनी आधी त्याच कपाटात कुलूपबंद केल्या असत्या. पॉवर सप्लायचे कपॅसिटर आणि कीबोर्ड हे अध्याय मागेच संपले. जॉयस्टिक जुन्या बाजारातली आहे. रविवारी सकाळी ताडपत्रीवर, टेबल फॅनच्या जाळ्या आणि मिक्सरच्या झाकणांमध्ये पडली होती. पीसीची, १५ पिनांची, दोन बटणांची.

नव्याने आलेल्यांना इशारा पुन्हा देतो, कारण अजून लोक विचारतात. पीसीच्या जॉयस्टिकचा प्लग बीबच्या अ‍ॅनालॉग पोर्टात अगदी सहज बसतो. बसवू नका. १ नंबरच्या पिनवर दोन्हीकडे पाच व्होल्ट आहेत, पण ३ आणि ६ नंबरवर पीसीकडे एक्स आणि वाय येतात आणि बीबमध्ये त्या सरळ ग्राउंड आहेत. स्टिक कोपऱ्यात ढकलली की आतल्या पॉटचा (पोटेन्शिओमीटर, फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा पार्ट) रेझिस्टन्स जवळजवळ शून्य होतो आणि पाच व्होल्ट त्या बिचाऱ्या कार्बन ट्रॅकमधून ग्राउंडला जातात. वास येतो, मग काहीच येत नाही.

शिवाय मुळात पद्धतच वेगळी. पीसीला फक्त रेझिस्टन्स लागतो. त्यातून कपॅसिटर चार्ज व्हायला किती वेळ लागला ते तो मोजतो, म्हणून पॉटची दोनच टोकं जोडलेली असतात. बीबमध्ये एनईसीचा ७००२ हा खराखुरा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप बसलीय, तिला व्होल्टेज लागतं. म्हणून पॉटचं तिसरं टोक अ‍ॅनालॉग ग्राउंडला, पहिलं व्हीरेफला (एडीसीची मोजायची पट्टी ठरवणारं रेफरन्स व्होल्टेज, पिन १४), वायपर (पॉटचं ट्रॅकवर सरकणारं मधलं टोक) पिन १५ आणि ७ वर, बटणं १३ आणि १० वर. हे सगळं मागच्या वेळी करून झालं होतं आणि वाय अ‍ॅक्सिस पहिल्या फटक्यात लोण्यासारखा चालला होता.

एक्सने मात्र छळलं. सेंटरपाशी आकडा उड्या मारायचा, १९०० वरून एकदम २६०० आणि परत. पॉट उघडला तर मधोमध कार्बन घासून चकचकीत झालेला. स्टिक आयुष्यभर जिथे उभी राहते तिथेच वायपर सगळ्यात जास्त घासणार, त्यात नवल नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की संध्याकाळपुरतं बरं चालायचं, सकाळी ये रे माझ्या मागल्या. हे स्प्रे प्रकरण मला एकूणच ओव्हररेटेड वाटतं. धूळ निघते हे खरं, पण घासून गेलेला कार्बन डब्यातून कसा परत येणार?

म्हणून पुण्यातली तपकीर गल्ली गाठली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. १०० के (किलोओहम) लिनिअर, म्हणजे सारख्या प्रमाणात बदलणारा पॉट मागितला. काउंटरवरच्या काकांनी दिलेल्या पॉटवर छापलं होतं ए१००के, म्हणजे लॉग, आवाज कमी-जास्त करायचा. म्हटलं, बी द्या, म्हणजे लिनिअर. तर, ‘‘ए काय आणि बी काय, फिरवलं की फिरतंच ना!’’ मी तिथेच मीटर काढला, पॉट मधोमध ठेवला आणि दाखवलं: एका बाजूला बारा के, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी. काकांनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आतून बीचा डबा आणला. किंमत तीच. गल्लीतून पॉट घेताना मीटर खिशात असू द्या, एवढंच सांगतो. ऑनलाइनपेक्षा मला तरीही गल्लीच बरी वाटते. निदान वस्तू हातात घेऊन नाकारता येते.

नवा पॉट बसला आणि उड्या थांबल्या. पण रेंज गेली.

स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ६० अंश फिरते. मूळ पॉटचा ट्रॅक त्या हिशोबानेच केलेला, ६० अंशांत अख्खे १०० के. गल्लीतला पॉट ३०० अंशांचा. म्हणजे त्याचा पाचवा हिस्साच वापरला जातो. ० ते ४०९५ ऐवजी साधारण १६५० ते २४५०. एलाइट या अंतराळ-जहाजाच्या गेममध्ये हे कसं दिसतं सांगतो: जहाज वर-खाली झपकन जातं, पण कुशीवर वळायचं म्हटलं की सरकारी फाईल. पोलीस मागे लागलेत आणि आपण निवांत कलतोय.

यावर जुगाड केला तो असा. एडीसीचा फुल स्केल १.८ व्होल्टचा, आणि पोर्टवर पाच व्होल्ट तर आहेतच. मग पॉटचं वरचं टोक व्हीरेफऐवजी पाच व्होल्टला लावायचं, आणि पॉटची बॉडीच ब्रॅकेटमध्ये फिरवून स्टिक मध्यावर असताना वायपरवर ०.९ व्होल्ट येतील अशी बसवायची. पाचव्या हिश्श्याचे आता एक व्होल्ट झाले, म्हणजे १.८ पैकी निम्म्याहून जास्त. पीसीच्या स्टिकवर ट्रिमची चाकं असतात ना, ती पॉटची बॉडीच फिरवतात, त्यामुळे बारीक अ‍ॅडजस्टमेंट आयती मिळाली. एकही जादा पार्ट नाही. आकडा ९०० ते ३१००. त्या रात्री एलाइट चांगलं दोन वाजेपर्यंत चाललं.

आणि तिथेच खरी डोकेदुखी सुरू झाली. अर्ध्या तासाने जहाज आपोआप डावीकडे कलंडायला लागलं. ट्रिम फिरवून सेंटर केलं, थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे. (बीबमध्ये डावीकडे आकडा वाढतो, उजवीकडे कमी होतो. पीसीवाल्यांनी नोंद घ्यावी.) दुसऱ्या दिवशी मशीन गार असताना चालू केलं तर उजवीकडे! नव्या पॉटवर संशय घेतला, स्प्रिंगवर घेतला, सोल्डरिंगवर घेतला. आपल्यातल्या एकाने ७००२ च बदल म्हणून सांगितलं. पण चॅनलला अ‍ॅनालॉग ग्राउंड जोडला की शून्य येत होतं आणि व्हीरेफ जोडला की ४०९५. चिपला दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. खालचे दोन-तीन बिट नाचतात, पण ते सगळ्याच बीबमध्ये नाचतात. १२ बिट हे नावालाच.

मग स्टिक बाजूला ठेवली. एक्सच्या वायपरऐवजी दोन फिक्स रेझिस्टर लावून पाच व्होल्टांतून ०.९ काढले आणि बेसिकमध्ये दोन ओळींचा लूप लावला: रिपीट, प्रिंट अ‍ॅडव्हॅल(१) डिव्ह १६, अंटिल फॉल्स, म्हणजे एक्सचा आकडा सतत छापत राहायचा. झाकण उघडं, खोलीतला पंखा बंद, कारण पंख्याखाली माझी पंचवीस वॉटची सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न नीट तापत नाही. (नीट तापली की मात्र तिला तोड नाही, कुणी काहीही म्हणो.) आकडा मुंगीच्या पावलांनी वर चढत होता, २०३०, २०४०, २०६०. म्हणजे जॉयस्टिक नसतानाही सेंटर हलतंय!

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ‘‘अरे, एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून काय बसलायस?’’ आणि तिने बटण दाबलं. पंखा गरगरला आणि स्क्रीनवरचा आकडा उलटा फिरला. २१०५, २०९८, २०८०. मी आईला म्हटलं, पंखा बंद कर. केला. आकडा वर. परत चालू कर. आकडा खाली. ‘‘तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?’’ असं विचारून ती गेली, चहा ठेवून.

वाऱ्याने हलणारं रेफरन्स म्हणजे दुसरं काय असणार? बीबमध्ये १.८ व्होल्टचा रेफरन्स ही काही खास चिप नाही. तीन साधे सिलिकॉन डायोड एकामागे एक, प्रत्येकावर साधारण ०.६ व्होल्ट, झाले १.८. स्वस्त आणि मस्त, पण सिलिकॉन डायोडचा व्होल्टेज तापमान वाढलं की दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घसरतो. तिघांचे मिळून सहा. मीटर लावून बघितलं: मशीन गार असताना १.८२, तासाभराने १.७४. माझे ०.९ व्होल्ट पाच व्होल्टांतून येतात, ते जागचे हलत नाहीत, पण त्यांना मोजायची पट्टीच आखडते. गणित केलं तर गारचे २०२५ आणि तापल्यावरचे २११९. दिसत होतं तेच.

आता वाय अ‍ॅक्सिस का हलत नव्हता तेही उलगडलं. त्याचा पॉट थेट व्हीरेफवर आहे. व्हीरेफ घसरला की वायपरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घसरतं, भागाकार तोच राहतो. अकॉर्नच्या लोकांनी तीन डायोडांवर भागवलं ते यामुळेच चालून जातं. पॉट आणि एडीसी एकाच रेफरन्सवर ठेवा, मग तो रेफरन्स कितीही लोळो.

म्हणजे मला पाच व्होल्टच्या आसपास काहीतरी हवं होतं, पण व्हीरेफबरोबर वर-खाली होणारं. याला उपाय ऑपअँप, व्होल्टेज वाढवून देणारी चिप. व्हीरेफ नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला, फीडबॅकला १५ के, खाली १० के, गेन अडीच. १.८ चे साडेचार झाले. गल्लीत एलएम३५८ ढिगाने मिळतो, पण पाच व्होल्टच्या सप्लायवर त्याचा आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही, इथे उपयोगाचा नाही. एमसीपी६००२ मागवला, रेल-टू-रेल (आउटपुट जवळजवळ सप्लायपर्यंत जातो), आठ पायांचा, झिरो पीसीबीवर (भोकांचा कोरा बोर्ड) आरामात बसतो. ऑनलाइन एका विक्रेत्याने आधी जे पाठवलं त्यावरची अक्षरं नखाने खरवडली तर निघत होती. ते परत केलं. दुसरीकडून आलेले ठीक निघाले.

बोर्ड काडेपेटीएवढा झाला, जॉयस्टिकच्या तळातच मावला. आयसीच्या सप्लायला १०० नॅनोचा कपॅसिटर अगदी पायाशी. तसाच आणखी एक कपॅसिटर वायपरवरून अ‍ॅनालॉग ग्राउंडला, त्याने केबलमधला नॉइज बसतो. ऑपअँपच्या आउटपुटवर मात्र थेट कपॅसिटर नको, तो ऑसिलेट व्हायला लागतो. १५ के आणि १० के एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, नाहीतर डायोडांना घालवून कार्बन रेझिस्टरांना घरात घेतल्यासारखं होईल. शिवाय स्टार एफएक्स १६,२ ही कमांड दिली की बीब दोनच चॅनल वाचतो. एका कन्व्हर्जनला १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे चारऐवजी दोन वाचले की स्टिक दुप्पट चपळ होते. चॅनल रिकामे सोडून चारही वाचत बसण्यात काय अर्थ आहे?

पॉटची बॉडी पुन्हा फिरवून सेंटर ०.९ वर आणलं. साडेचारच्या वीस टक्के. टोकं ११०० आणि ३००० च्या आसपास. पंखा चालू केला, बंद केला, हेअर ड्रायर डायोडांवर धरला. व्हीरेफ १.६८ पर्यंत आणला, आकडा ढिम्म हलला नाही. हेअर ड्रायर बायकोचा आहे, तो परत जागेवर ठेवलाय, ही ओळ तिने वाचली तर साक्षीला असावी म्हणून.

राहिली ती रेंज. एक्स अजूनही अर्धीच पट्टी वापरतो, वाय पूर्ण. पुढचा बेत असा होता की जुन्या कॅसेट डेकमधले एकास-तीनचे दोन गिअर लावून पॉट जास्त फिरवायचा. टेबलावर गिअर मांडूनही ठेवलेत. पण वरचं सगळं लिहिताना दुसरंच सुचलंय. ऑपअँप हातात आहेच, तर रेफरन्स मोठा कशाला करायचा? पॉट सरळ व्हीरेफवर ठेवायचा, दोन सारख्या रेझिस्टरांनी व्हीरेफचा निम्मा काढायचा, आणि वायपर त्या मध्यापासून जितका हलेल तेवढाच साडेचार पटीने वाढवायचा. सगळं व्हीरेफवरच लटकलेलं, म्हणजे ड्रिफ्टचा (आकडा आपोआप सरकण्याचा) प्रश्न नाही, आणि रेंज ९० टक्के. टोकाला थोडं सांभाळलं तर पूर्णसुद्धा. एमसीपी६००४ मध्ये चार ऑपअँप असतात: एक मध्याला, एक एक्सला, एक वायला, चौथा शिल्लक. मग वायचा मूळ पॉट उद्या घासला तरी गल्लीतला बी१००के लावून मोकळं. पॉटची बॉडी फिरवायची कटकटही गेली, मध्यासाठी एक ट्रिमर पुरे. धोका एकच, वायपरचा खरखराटही साडेचार पटीने वाढणार. पण नव्या पॉटवर तो आत्ता दोन-तीन काउंटच आहे, चालेल.

तेव्हा गिअर परत डब्यात. ६००४ ची ऑर्डर आत्ताच टाकली. दरम्यान १५ पिनांच्या डी कनेक्टरचं धातूचं हूड (प्लगवरचं कव्हर) कुणाकडे पडून असेल तर सांगा. गल्लीत सध्या सगळीकडे प्लॅस्टिकचीच आहेत, आणि त्यांचे स्क्रू दुसऱ्यांदा उघडताना हातात येतात.