नॉर्थॅम्प्टनच्या चौकातलं बोट

"मावशी, यासाठी आपण इथवर आलो?"

भाच्याचं म्हणणं रास्त होतं. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून तासाभराचा प्रवास, वरून पावसाची भुरभुर, आणि समोर काय, तर गाड्यांच्या गराड्यात अडकलेला पुतळा. ॲबिंग्टन स्क्वेअरच्या वाहतूक बेटावर चार्ल्स ब्रॅडलॉ गावाकडे बोट रोखून उभे आहेत. ते बोट टवाळखोर अधूनमधून मोडतात म्हणे. मी आधी तेच पाहिलं. शाबूत होतं.

हे बूट शिवणाऱ्यांचं गाव. इथल्या फुटबॉल संघाला आजही 'कॉबलर्स' म्हणतात. या गावानं १८८० साली एका उघड नास्तिकाला पार्लमेंटात पाठवलं. ब्रॅडलॉ म्हणाले, देवाची शपथ नको, साधं दृढकथन करतो, म्हणजे देवाचं नाव न घेता वचन देतो. सभागृह नाही म्हणालं. बरं, मग शपथ घेतो. तर तेही नाही! नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असा सवाल. त्यांना एक रात्र पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं, पुढच्या वर्षी धक्के मारून बाहेर काढलं. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक, आणि गाव पुन्हा त्यांच्याच मागे: १८८१, १८८२, १८८४. अखेर १८८६ मध्ये शपथ घेऊ दिली, आणि दोनच वर्षांत दृढकथनाची मुभा देणारा कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. आपले आमदार 'ईश्वरसाक्ष' की 'गांभीर्यपूर्वक' म्हणतात, याकडे माझं लक्ष जातं ते तेव्हापासून.

मला मात्र ओढ होती त्यांच्या घराची. वडील वकिलाकडे कारकून. पोरगा रविवारच्या शाळेत शिकवायचा. बायबल आणि चर्चची मतसूत्रं यांच्यातल्या विसंगतींबद्दल पाद्र्याला विचारलं आणि घर सुटलं. आसरा दिला एलायझा शार्पल्स या बाईंनी. त्यांच्या मुलीचं नाव हायपेशिया. पुढे ब्रॅडलॉंनी स्वतःच्या लेकीचंही तेच ठेवलं. संसार काही सुखाचा झाला नाही. बायको सुझॅना दारूच्या आहारी गेली, पैशाची ओढाताण, १८७० मध्ये घर मोडलं. ती मुलांना घेऊन माहेरी गेली आणि त्याच वर्षी मुलगा तापानं गेला. १८७७ मध्ये तीही गेली. उरल्या ॲलिस आणि हायपेशिया, दोघी वडिलांच्या कामाला जुंपलेल्या. ॲलिस १८८८ मध्ये गेली.

पुढच्या वर्षी ते स्वतः मरता मरता वाचले आणि हवापालट म्हणून बोटीनं मुंबईला आले. तिथे काँग्रेसचं पाचवं अधिवेशन होतं. १८८९ साली १८८९ प्रतिनिधी, हा योगायोग तिथलाच. पार्लमेंटात आपले प्रश्न मांडत असल्यानं 'हिंदुस्थानचे खासदार' ही त्यांची ओळख आपल्याकडे पक्की झालेलीच होती.

३० जानेवारी १८९१ ला ते गेले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत लंडनमधली हिंदी मंडळी लोटली. त्यांत एकवीस वर्षांचे मोहनदास गांधीही होते.

मग अफवा उठली: शेवटच्या घटकेला म्हातारा देवाला शरण गेला! हायपेशियाला ती अपेक्षितच असावी. आजारपणात वडिलांची शुश्रूषा करणाऱ्यांकडून तिनं लेखी घेऊन ठेवलं होतं की त्यांच्या तोंडून असं अवाक्षरही निघालं नाही. बाप जाऊन चार दिवस होत नाहीत तोच कागद पुढे करून सही मागणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"तिचा पुतळा कुठाय?" भाच्यानं विचारलं.

या चौकात तरी नव्हता.