आमची वाटचाल: डुप्लिकेट कार्डांच्या बाजारात एक छोटं दुकान

आमच्या न्यू जर्सीतल्या दुकानाच्या पाटीवर ‘स्पोर्ट्स कार्ड्स, खरेदी-विक्री’ एवढंच लिहिलंय. गल्ल्यात येणारा पैसा मात्र आता विक्रीइतकाच तपासणीचाही असतो. लोक ऑनलाइन घेतलेलं कार्ड घेऊन येतात, काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, खरं की डुप्लिकेट? दुकान या वळणावर कसं आलं, ते लिहायला बसलोय.

डोंबिवलीतल्या माझ्या मामेभावाला अजूनही वाटतं की मी अमेरिकेत पत्ते विकतो, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बिग फन च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंचे फोटो मिळायचे आणि आम्ही पोरं ते जमवायचो. इथे तो नाद शंभर वर्षांहून जुना आहे. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं घालायची. त्यातल्या होनस वॅगनरच्या कार्डाला आज लाखो डॉलर मिळतात. टॉप्स कंपनीच्या 1952 सालच्या संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. गंमत म्हणजे त्या मालाची न खपलेली खोकी आपण 1960 साली बार्जवरून समुद्रात फेकून दिली, असं टॉप्सचे साय बर्गर स्वतःच सांगायचे. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला एवढा भाव येतो म्हटल्यावर छापखानेवाले गप्प बसतील कसे?

मी आलो आयटीच्या नोकरीवर. ऑफिसातला एक सहकारी हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्ड शोला घेऊन गेला आणि तिथून लागलेली चटक घरच्या तळघरात व्यवसाय होऊन बसली. हिशेब बायको बघायची, अजूनही तीच बघते. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे कुठलं कार्ड आम्ही ‘आवडलं म्हणून’ घेतलं आणि कुठलं धंद्यासाठी, हे तिच्याइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.

त्या शोमध्ये टेबल लावणाऱ्या एका म्हाताऱ्या डीलरने मला हाताशी धरलं. पुस्तकातून कळलं नसतं ते त्याने शिकवलं: प्रत्येक संचातली फालतू कार्डं विकू नकोस, जपून ठेव. फालतू म्हणजे ज्यांना कोणी विचारत नाही अशा खेळाडूंची. त्याच वर्षी, त्याच कागदावर, त्याच शाईत छापलेली. नकली छापणारा मायकल जॉर्डन छापेल, बाकावर बसणाऱ्या बाराव्या खेळाडूला छापण्यात त्याला काय मिळणार? म्हणून बाराव्याचं कार्ड हमखास खरं असतं आणि जॉर्डनला त्याच्या शेजारी ठेवलं की अर्धं काम होतं. आमच्या काउंटरखाली आज अशा कार्डांचे डबेच्या डबे आहेत, वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेले. दुकानातला सगळ्यात स्वस्त माल तो, आणि सगळ्यात कामाचा.

2020 साली सगळे घरी बसले आणि कार्डांचे भाव आभाळाला भिडले. फ्लीअर कंपनीच्या 1986-87 च्या संचातलं 57 नंबरचं जॉर्डनचं कार्ड, पीएसएच्या (कार्ड खरं का ते बघून त्याच्या स्थितीला ग्रेड, म्हणजे गुण, देणारी कंपनी) दहापैकी दहा ग्रेडचं, जानेवारी 2021 मध्ये 7 लाख 38 हजार डॉलरला विकलं गेलं. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसएकडे कार्डांचा इतका ढीग साचला की मार्च 2021 मध्ये त्यांनी बहुतेक सेवा बंद ठेवल्या. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं, आणि टार्गेट या दुकानांच्या साखळीने आपल्या दुकानांमधली कार्डविक्रीच काही काळ थांबवली. आम्ही त्याच धामधुमीत तळघरातून बाहेर पडून रस्त्यावरचा गाळा घेतला. धंदा चांगला चालला, खोटं कशाला बोलू? पण त्याच सुमारास काउंटरवर येणाऱ्या मालाचा पोत बदलला. पूर्वी लोक वडिलांचा अल्बम घेऊन यायचे. आता बबल रॅपचं पाकीट घेऊन येऊ लागले.

एकदा एक शाळामास्तर असं पाकीट घेऊन आले. आत फ्लीअरचं जॉर्डन, ग्रेडिंग न केलेलं, ऑनलाइन बाजारातून बाजारभावाच्या निम्म्याने घेतलेलं. फोटोत बघाल तर निर्दोष. आम्ही 1986 चा डबा काढला, एक स्वस्तातलं कार्ड शेजारी ठेवलं आणि मास्तरांच्याच हातात भिंग दिलं. दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसलं. खऱ्या कार्डावर चित्राचा भाग रंगीत ठिपक्यांचा असतो, ठिपके फुलासारखे गोल रचलेले. अक्षरं आणि बारीक रेघा मात्र भरीव, ठिपक्यांशिवाय, कडा कापल्यासारख्या धारदार. नकली करणारा खरं कार्ड स्कॅन करतो आणि ते पुन्हा छापतो. त्याच्या मशीनला अक्षर काय नि चेहरा काय, सगळं चित्रच. म्हणून त्याची अक्षरंही ठिपक्यांची होतात, कडा मऊ पडतात आणि ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीदार नक्षी उमटते. मास्तरांनी आधी शेजारचं कार्ड पाहिलं, मग आपलं. दोनदा आलटून पालटून पाहिलं आणि न बोलता भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, “परत करायची मुदत कधी संपते?” मुदत संपून गेली होती.

या धंद्याची खरी गोम तिथेच आहे. ऑनलाइन बाजारात पैसे परत मिळण्याची हमी असते, पण ती ठरावीक दिवसांची. कार्ड तर लोक कपाटात ठेवतात, पोराच्या विसाव्या वाढदिवसाला बाहेर काढतात. तोवर विकणारा खातं बंद करून दुसऱ्या नावाने दुकान मांडून बसलेला असतो.

बाकीच्या खुणाही आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो, लपवत नाही. 1952 चं टॉप्स कार्ड पावणेचार इंच उंच होतं. साडेतीन इंचांचा आजचा आकार आला 1957 मध्ये. टॉप्सनेच 1983 मध्ये जुन्या संचाची पुनर्मुद्रणं काढली ती याच लहान आकारात, तेव्हा मँटल म्हणून आणलेलं कार्ड पट्टीवर ठेवलं की बऱ्याचदा गोष्ट संपते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमकद्रव्यं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे सिगारेटच्या काळातलं कार्ड अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली निळसर चमकलं तर ते त्या काळातलं नाही. 1979 चं ओ-पी-ची कंपनीचं वेन ग्रेट्झ्कीचं हॉकी कार्ड असेल तर कडा खरबरीत हव्यात, कारण कॅनडातल्या त्या कंपनीची कापणीच तशी होती. तिथे सुबक कड दिसली की आम्हाला शंका येते.

‘मग ग्रेडिंग केलेलं, प्लॅस्टिकच्या केसमधलं घ्यावं, झंझट नको,’ असं लोक म्हणतात. केसला इथे स्लॅब म्हणतात. स्लॅबवर विश्वास ठेवावा, पण तोही तपासून. पीएसएचा स्लॅब अल्ट्रासॉनिक पद्धतीने सांधलेला असतो. तो उघडून पुन्हा चिकटवला की कडेला पांढुरका धुरकटपणा येतो किंवा सांध्यात चीर दिसते. आता तर अख्खे स्लॅबच नकली येतात. लेबलवरचा नंबर खरा असतो, कारण तो दुसऱ्या कोणाच्या खऱ्या कार्डाच्या फोटोवरून उचललेला असतो. पीएसएच्या वेबसाइटवर टाकला की ‘जॉर्डन, 10’ असं व्यवस्थित येतं आणि गिऱ्हाईक खूश. आम्ही तिथे थांबत नाही. बऱ्याच नंबरांबरोबर मूळ कार्डाचा फोटोही जोडलेला असतो, त्यावर डाव्या-उजव्या किनारीची रुंदी आणि छपाईतले बारीकसारीक डाग ताडून बघतो. मे 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी वॉशिंग्टन राज्यातल्या दोघांवर खटला भरला तो याच प्रकाराचा. खोटी ग्रेड दाखवलेली कार्डं विकून 20 लाख डॉलरहून जास्त रकमेची फसवणूक केल्याचा आरोप होता.

सहीवाली कार्डं आम्ही जवळपास सोडूनच दिली. नव्वदच्या दशकात एफबीआयच्या सॅन दिएगो कार्यालयाने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली. त्यात अस्सलपणाची प्रमाणपत्रंसुद्धा खोटी निघाली होती. कार्ड छापायला मशीन लागतं, सही करायला नुसतं पेन पुरतं.

तक्रार करत नाही का, असं सगळे विचारतात. करतो की. नकली कार्डाच्या लिस्टिंगखालचं, म्हणजे ऑनलाइन बाजारातल्या विक्रीच्या जाहिरातीखालचं, तक्रारीचं बटण दाबतो, कारण लिहितो. पण ठोस कारवाई करायला लावायचा अधिकार ब्रँडच्या मालकाचा, आमच्यासारख्या दुकानदाराचा नाही. फ्लीअर कंपनी 2005 मध्येच बंद पडली आणि नाव गेलं अप्पर डेक या दुसऱ्या कार्ड कंपनीकडे. ज्या कंपनीने जॉर्डन छापला ती आज तक्रार करायला उरलेलीच नाही. कायद्याचंही तसंच. 1973 चा हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट नकली नाण्यांवर ‘कॉपी’ असं ठसवायला लावतो, निवडणुकीच्या बिल्ल्यांनाही लागू आहे, पण खेळाडूंची कार्डं त्यात नाहीत. जून 2023 पासून इन्फॉर्म कंझ्युमर्स ॲक्ट आला. वर्षभरात 200 व्यवहार आणि 5,000 डॉलरची विक्री गाठणाऱ्याची ओळख आणि बँक खातं ऑनलाइन बाजाराने पडताळायचं, असा तो नियम. मला तो पटतो. त्याने नकली थांबलं नाही, पण रोज नवं नाव घेणं तरी अवघड झालं.

विक्रेता म्हणून आम्हालाही चटका बसला, तो उलट्या बाजूने. एका ऑनलाइन बाजारावर आम्ही 2003-04 चं टॉप्स क्रोमचं 111 नंबरचं कार्ड विकलं, लेब्रॉन जेम्सचं, त्याच्या पहिल्या वर्षाचं. घेणाऱ्याने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवलं आणि पाकिटातून निघालं दुसरंच, डुप्लिकेट. पार्सल पोचल्याची नोंद झाली आणि त्याला पैसे परत गेले. आमच्याकडे पाठवण्याआधीचे स्कॅन होते, चारही कोपऱ्यांचे. पोलिसांत तक्रार दिली, अपील केलं, प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर आलं. पैसे बुडाले. बायकोने त्या महिन्याच्या हिशेबात त्या रकमेसमोर लाल शाईने फक्त तारीख लिहिली.

त्यानंतर धंद्याची घडीच बदलली. ठरावीक किमतीवरचं कार्ड आम्ही मधल्या तपासणीशिवाय पाठवत नाही. ईबेने जानेवारी 2022 मध्ये 750 डॉलरवरच्या कार्डांसाठी अशी सोय सुरू केली आणि मग मर्यादा 250 वर आणली. माल आधी तपासनिसाकडे जातो, मग गिऱ्हाइकाकडे, आणि परत येतानाही त्याच वाटेने येतो. वेळ जास्त लागतो, पण झोप लागते. बाकीची मोठी विक्री आम्ही समोरासमोर करतो, दुकानात नाहीतर शोमध्ये.

तपासणी हा वेगळा धंदा होईल असं मात्र डोक्यात नव्हतं. एकदा पार्सिपनीहून एका ताईंचा फोन आला. “दादा, मुलाच्या मुंजीत त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून कार्ड दिलंय. खोटं असेल तर त्याला सांगायचं कसं, तेवढं तुम्ही बघा.” लिस्टिंगचा दुवा मागवला. शीर्षकात ढीगभर शब्दांच्या शेवटी ‘आरपी’ अशी दोन अक्षरं दडवलेली होती. आरपी म्हणजे रीप्रिंट. विकणाऱ्याने तसं सांगूनच टाकलं होतं, कोणी वाचू नये अशा बेताने. मुलगा दुकानात आला तेव्हा मी त्याला भिंग दिलं आणि दोन्ही कार्डं समोर ठेवली. त्यानेच शोधून काढलं, वर विचारलं, “अजून आहेत का असली?” आता तो कधी शनिवारी येतो आणि नकली कार्डांचं आमचं कपाट धुंडाळतो. आमच्याकडे आलेली, मालकांना नको असलेली नकली कार्डं आम्ही त्या कपाटात ठेवतो, प्रत्येकाच्या पाठीवर पक्क्या शाईने ‘नकली’ असं लिहून. ती विकत नाही, कितीही पैसे दिले तरी.

ताईंनी ही गोष्ट मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि फोन सुरू झाले. मग आम्ही रीतसर दर ठरवले. सुट्या कार्डाची तपासणी माफक पैशांत, आणि तेच कार्ड आम्ही विकत घेतलं तर तेवढे पैसे वळते करतो. आमचं मत लेखी देतो, पण ते ग्रेडिंग नव्हे, हेही त्याच कागदावर छापलेलं असतं. वडिलांचे 1987 ते 1993 च्या काळातले अल्बम घेऊन येणाऱ्यांना मात्र पैसे लावत नाही. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डं इतकी भरमसाट छापली की बहुतेकांना आज कागदाचाही भाव नाही. ती खरी असतात हो, अगदी शंभर टक्के खरी. हे ऐकून लोकांचा चेहरा जास्तच पडतो.

सुटी कार्डं दाखवायला शनिवारी दुपारनंतर या, तेव्हा भिंगाशी मी असतो. अख्खा अल्बम असेल तर आधी फोन करा, आणि ऑनलाइन घेतलेलं असेल तर पाकीट आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट सोबत आणा. मुदत संपायच्या आत आलात तर परतीचा अर्ज आम्ही इथेच बसून भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.