बसचं भंसार आणि आमची नेपाळची सहल

"नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही," हे वाक्य त्या दिवाळीच्या आधी आमच्या नाशिकच्या शाळेत प्रत्येकाच्या तोंडी होतं. खरं होतं, पण अर्धंच. पासपोर्ट नसला तरी त्याच्या जागी दुसरं काहीतरी लागतंच, आणि ते काय हे वयावर ठरतं. पंधराच्या आतल्यांना आधार कार्ड पुरतं. पंधरा ते अठरामधल्यांकडे पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं, फोटोवर शाळेचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र चालतं. अठरा ते पासष्टमधल्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार नाही, पॅन नाही, लायसन्सही नाही.

आम्ही नववीत. म्हणजे निम्मा वर्ग पंधराच्या अलीकडे आणि निम्मा पलीकडे. माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्यापेक्षा काही महिन्यांनीच लहान, पण तिचं काम आधारवर भागलं आणि मी मात्र फोटो घेऊन ऑफिसबाहेर रांगेत. क्लार्क काकांनी जन्मतारखांची यादी पुन्हा पुन्हा तपासली, कारण काहींचा वाढदिवस ऐन सहलीतच येत होता. त्या मुलांची दोन्ही कागदपत्रं करून ठेवली.

खरी गंमत शिक्षकांची झाली. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं. शिक्षक निवडणुकीच्या कामाला जाणार म्हणून सहल मतदानानंतरची ठरली. पीटीचे सर दिवसभर केंद्रावर लोकांची मतदार कार्डं तपासून आले आणि त्यांचं स्वतःचं कार्ड मात्र घरात सापडेना. शेवटी ते एलआयसीच्या फाइलीत निघालं.

पण कागदांच्याही आधी एक पालकसभा झाली होती आणि सहल तिथेच रद्द होता होता वाचली. त्याच वर्षी २३ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांग्दी नदीत कोसळली होती. वीसहून जास्त माणसं गेली. आमची बस गोरखपूरहून निघणार होती आणि ती बसही गोरखपूरकडचीच. सप्टेंबरअखेर नेपाळात मोठा पूर आला. त्यामुळे "बसने?" एवढा एकच शब्द उच्चारून आया गप्प बसायच्या. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर नकाशा काढला, टूरवाल्या काकांनी हॉटेलचे फोटो दाखवले, पण कोणी हलेना. मग एसटीत ड्रायव्हर असलेले एक काका उठले. त्यांनी हॉटेलचं काही विचारलंच नाही. गाडी कोणत्या सालची, ड्रायव्हर एक की दोन, त्यांनी त्या घाटात याआधी गाडी चालवली आहे का, टायर कसे आहेत, आणि अंधार पडल्यावर गाडी उभी राहणार की नाही? टूरवाले काका घामाघूम झाले. पण पुढच्या आठवड्यात लेखी उत्तरं आली, सोबत टायरचे फोटोही. काठमांडू वगळायचं ठरलं. लुंबिनी, पोखरा आणि आल्या वाटेने परत. पशुपतिनाथ राहिला म्हणून माझी आजी माझ्यापेक्षा जास्त हिरमुसली. मला विचाराल तर, परदेशाच्या कुठल्याही शालेय सहलीची पालकसभा त्या काकांनीच घ्यावी.

पैशाचं एक वेगळंच. तेव्हा नेपाळात भारताच्या शंभरपर्यंतच्याच नोटा चालायच्या, दोनशे-पाचशेच्या नाहीत. त्यामुळे तो आठवडाभर नाशकात आमचे आईबाबा भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे शंभराच्या नोटा मागत फिरत होते. हिशेब सोपा: आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ, आणि हा दर रोज बदलत नाही, बांधलेलाच आहे. आता नियम सैल झालेत असं ऐकते, तरी जाणाऱ्यांनी निघायच्या आधी विचारून घ्यावं.

नाशिक रोडहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठलं. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भेंड्या झाल्या, सगळ्यांचे डबे संपले आणि गाडीला उशीर झाला. गोरखपूरचा फलाट इतका लांब की सामान ओढत बाहेर येईपर्यंतच सहल झाल्यासारखी वाटली. बाहेर बस उभी होती. सीमेवरचं सोनौली तिथून साधारण शंभर किलोमीटर.

सीमा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाघा होता. सोनौलीत तसलं काहीच नाही. ट्रकांची न संपणारी रांग, रिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सायकलवर गॅसची टाकी बांधून निघालेला एक जण, आणि या सगळ्यांच्या मधोमध कमान. १९५०च्या तहापासून दोन्हीकडच्या माणसांना व्हिसा नाही. सशस्त्र सीमा बलाचे जवान बसमध्ये चढले, यादीवरची डोकी मोजली, दोन-चार बॅगा उघडायला लावल्या. माझं शिक्क्याचं प्रमाणपत्र मी हातात धरूनच बसले होते. त्यांनी ते लांबूनच पाहिलं. ज्या दोघांकडे पासपोर्ट होते त्यांना त्यावर शिक्का हवा होता. भारतीयांना इथे शिक्का मिळत नाही हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

आम्ही चालत कमानीपलीकडे गेलो. झालं, परदेश! बेलहिया नावाचं गाव. पाट्या देवनागरीत, गाड्यांचे नंबरही देवनागरीत, त्यामुळे सगळं वाचता येत होतं. फोनमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं आणि रेंज गेली. आणि बस मात्र मागेच राहिली.

कारण आपल्याला व्हिसा नसला तरी बसला जवळपास तसलंच काहीतरी लागतं. नेपाळच्या कस्टमला भंसार म्हणतात. भारतीय गाडी आत न्यायची तर तिथे आरसी, परमिट, विमा, लायसन्स दाखवून पावती फाडायची, आणि गाडी जितके दिवस आत राहील तितक्या दिवसांचे पैसे आगाऊ भरायचे. एक दिवस जास्त झाला तर दंड. शिवाय वाहतुकीची परवानगी वेगळी. आमचा ड्रायव्हर या खिडकीवरून त्या खिडकीवर. एका ठिकाणी झेरॉक्स हवी, दुसरीकडे साहेब जेवायला गेलेले. आम्ही बंद दुकानाच्या पायऱ्यांवर. ऊन उतरायला लागलं तसे बाई घड्याळ बघायला लागल्या, कारण अंधारात गाडी हलवायची नाही हे लिहून दिलेलं. पीटीच्या सरांनी तिथेच कवायत घ्यायचा प्रयत्न केला, तो कोणी मनावर घेतला नाही. शेवटी ड्रायव्हर हातात पावती नाचवत आला आणि "भंसार कट गया!" असं ओरडला, तेव्हा आम्ही अशा टाळ्या वाजवल्या की पलीकडच्या चहावाल्यानेही वाजवल्या. पावतीवर साल होतं २०८१. तिकडे विक्रम संवत सरकारी कामातही चालतं.

नशीब की लुंबिनी जवळच होती. रात्री तिथेच मुक्काम.

सकाळी मायादेवी मंदिर. आत फोटो काढायचे नाहीत, चपला बाहेर. जुन्या विटांच्या पायाभोवती लाकडी वाटेवरून गोल फिरत बुद्धाच्या जन्मस्थळाच्या शिळेपर्यंत जायचं. बाहेर अशोकाचा स्तंभ. त्यावर लिहिलंय की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला आणि त्याने या गावाचा कर कमी केला. इतिहासाच्या पुस्तकातला अशोक नेहमी उपदेश करत असतो; करमाफी करणारा अशोक मला जास्त आवडला. आमच्या वर्गातल्या एकाच्या आजीने त्याला पिंपळाचं पान आणायला सांगितलं होतं. बाबासाहेब १९५६च्या नोव्हेंबरात, नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने, बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते, ही माहिती बाईंना नाही, त्यालाच होती, आजीकडून ऐकलेली. त्याने झाडाखाली गळून पडलेलीच पानं वेचली आणि वहीत ठेवली.

पुढचा रस्ता मात्र खडतर. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा कडा. तिथे दरडी कोसळतात म्हणून बोगद्याचं काम चाललं होतं. बसमध्ये एकदम शांतता. तानसेनपर्यंत वळणं, त्यानंतरही वळणंच. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण अख्खा दिवस गेला. आवळासुपारी, लिंबू, उलटीच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं कामी आलं. ड्रायव्हर मात्र प्रत्येक वळणावर हॉर्न देत, शांतपणे, घाई न करता चालवत होता. काठमांडू वगळून अवघड रस्ता टाळला असं नाशकात सगळ्यांना वाटत होतं. हा घाट बघितला असता तर सभा आणखी लांबली असती. रामदीला काली गंडकी ओलांडली. घरच्या देवघरातले शाळिग्राम या नदीतले, हे बाईंनी सांगितल्यावर पोटात ढवळत असलेल्यांनीही खिडकीतून वाकून पाहिलं.

पोखऱ्यात पहाटे माछापुच्छ्रे हा हिमालयातला पर्वत दिसला. उंची ६,९९३ मीटर, आणि त्यावर चढायला परवानगी नाही. फेवा तलावात नावा, बाजारात मोमो. मोमो घेताना "बफ नको, व्हेज" असं आधी सांगावं लागतं, कारण तिथे म्हशीचं मांस सर्रास असतं. काही दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चाललं, त्यामुळे सरांची मजा आणि आमच्या शंभराच्या नोटा तशाच.

परतताना ड्रायव्हर भल्या पहाटे हॉटेलच्या दाराशी हॉर्न वाजवत उभा. भंसारची मुदत त्या दिवशी संपत होती. आमच्या नवीन टोप्या, स्वेटर, कोणाची राहिलेली अंघोळ, त्याला कशाचं सोयरसुतक नव्हतं. बेलहियाला पोचलो तेव्हा दिवस बराच शिल्लक होता. पावती दाखवून बस सुटली आणि या वेळी पायऱ्यांवर बसावं लागलं नाही. भारताच्या बाजूला बॅगा नीट उघडून पाहिल्या, जाताना पाहिल्या त्याहून जास्त.

पुढच्या नववीला जायचं असेल तर काय काय लागेल ते लिहून द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. मी यादीत पहिलं लिहिलं: बसचं भंसार एक दिवस जास्तीचं फाडा, आणि सोनौलीला सकाळीच पोचा.