फिरती लेन्स

मराठीत ‘फिरता’ हे विशेषण फार उदार आहे. फिरता चषक, फिरता रंगमंच, फिरते वाचनालय. त्यात फिरती लेन्सही खपून जावी: सकाळी कॅमेऱ्यावर चढवली की रात्री घरी परतेपर्यंत न उतरवता चालणारी. पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायला निघालेला माणूस मात्र तिची चौकशीच करत नाही. तो विचारतो, ‘किती मेगापिक्सेल?’ निकॉन डी३५०० घ्या नाहीतर कॅनन १५००डी, दोन्हीकडे २४. संपला प्रश्न. दोन्ही मॉडेल २०१८ सालची. त्यानंतर कंपन्यांचे लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले, त्यामुळे आज स्वस्त डीएसएलआर म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातून आलेला. त्यात कमीपणा काही नाही. डी३५०० एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो काढतो, आणि जत्रेच्या रात्री चार्जर शोधत फिरावे लागत नाही ही चैन मिररलेसवाल्यांना सहसा नसते.

विचारायचे ते हे, की उभे कुठे राहणार? पणजीत फोंताइन्हासच्या गल्लीत पाठ समोरच्या भिंतीला टेकली, तरी ३५ मिमीच्या लेन्समध्ये एक दार, एक खिडकी आणि अर्धा सज्जा मावतो. लेन्सला दिसणारा कोन तिरपा मोजला तर ४४ अंश. तिथेच १८ मिमी लावली की ७६ अंश, म्हणजे अख्खे घर आणि कौलांवरचे मांजरसुद्धा. (कॅमेऱ्याचे तोंड वर करू नये, घरे मागे कलंडल्यासारखी दिसतात. दोन पावले मागे सरकायला जागा नसेल, तर समोरच्या घराची पायरी चढावी.) म्हणून कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या १८-५५ या किट लेन्सला नाक मुरडणाऱ्यांचे ऐकू नये. ती हलकी आहे, जुनी घेतली तर फारच स्वस्त पडते, आणि दिवसाउजेडी तिच्यात खोट काढायला भिंग लागते.

खोट दिसते ती चवथीला. माटोळीचे उदाहरण घेऊ. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, आंबाडे लटकलेले. खोलीत एक ट्यूब, दोन समया आणि बाहेर काळाकुट्ट पाऊस. किट लेन्स ३५ मिमीवर एफ ४.५च्या आसपास उघडते (एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे). आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ठेवला, तर शटर १/१५ सेकंदावर येतो. लेन्सवर ‘व्हीआर’ किंवा ‘आयएस’ असेल, तर हाताचा कंप ती सावरते आणि नारळ स्पष्ट येतात. पण आरती घेणाऱ्या आजोबांचे हात म्हणजे नुसता धूर. माणसे हलतात त्यावर त्या यंत्रणेकडे औषध नाही. ३५ मिमी एफ १.८ लावली की सहापट उजेड आत येतो आणि तोच फोटो १/१०० ला बसतो. हा १/१०० आणखी एका कारणाने सोयीचा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे १/१०० किंवा १/५० ठेवले की फोटोत काळपट पट्टे उमटत नाहीत.

एफ १.८ चे बिल वेगळ्या खिडकीवर फाडले जाते. दोन मीटरवरून फोकस गणपतीच्या डोळ्यांवर ठेवला, तर पुढेमागे मिळून जेमतेम वीतभर जागा धारदार राहते. पुढे लोंबणारा चिबूड पुसट होतो, तो चालतो. मागची माटोळी मात्र हिरव्या-पिवळ्या ढगासारखी दिसते आणि ती बांधणाऱ्या माणसाला ते अजिबात आवडत नाही. तेव्हा एफ २.८ वर यावे, आयएसओ ३२०० वर न्यावा आणि त्यापायी फोटोत येणारे थोडे दाणे सोसावेत.

इथे बहुतेकांना ५० मिमी एफ १.८ सुचवली जाते, स्वस्त आणि मस्त म्हणून. हा सल्ला फिल्मच्या काळातून चालत आलाय. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारी चकती) फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून निकॉनमध्ये आकडा दीडपट धरायचा, कॅननमध्ये १.६ पट. कॅननवर ५० म्हणजे ८०. एकट्यादुकट्याच्या चेहऱ्याला झकास, पण घरातल्या पाच जणांना चौकटीत बसवायचे तर आपण मागे सरकत स्वयंपाकघरात पोचतो. निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ १.८ची डीएक्स, म्हणजे या लहान सेन्सरसाठीची, घ्यावी, वजन २०० ग्रॅम. कॅननवाल्यांना २४ मिमी एफ २.८ची चपटी लेन्स आहे, वजन १२५ ग्रॅम. खिशात चकलीसारखी बसते. ती एफ १.८ इतकी उघडत नाही हे खरे, पण नेहमी बरोबर असते.

सगळे एकातच हवे, तर १८-१४० आहे. निकॉनची ही लेन्स ४९० ग्रॅमची, साध्या १८-५५ च्या दुपटीहून जड. तिच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात किंवा शिगम्याच्या गुलालात लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरला आमंत्रण देऊन धूळ बोलावणे. बाहेरच जास्त फिरणार असाल, तर हीच घ्या. घरातले, देवळाच्या सभामंडपातले, सणासुदीचे काढणार असाल, तर १८-५५ अधिक ३५. आमचे मत दुसऱ्या जोडीला.

आता सापळे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांत बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने फिरवत बसा. तेव्हा नावात ‘एएफ-एस’, म्हणजे लेन्समध्येच मोटर, आहे का पाहायचे. नव्या ‘एएफ-पी’ लेन्सचे दुखणे उलटे: डी३२००, डी५१०० किंवा त्याआधीच्या छोट्या बॉडींवर तिचा फोकस हातानेसुद्धा होत नाही, कारण तिची रिंगही विजेवर चालते. डी३३०० आणि डी५३०० ला आधी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर, अपडेट करावे लागते. शिवाय एएफ-पी १८-५५ दोन प्रकारची येते, व्हीआर असलेली आणि नसलेली. दुरून दोघी जुळ्या बहिणी. कॅननमध्ये ३०००डीपासून जरा सांभाळून: लेन्स बसते ते कडे प्लास्टिकचे, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची चाकीच नाही. चष्मा लावणाऱ्याला हे महिन्याभरात छळते.

जुना माल पाहायला जाताना बरोबर मोबाइलचा टॉर्च आणि स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. निकॉनवर एक जेपीईजी काढा. त्या फाइलच्या माहितीत शटर किती वेळा पडला तो आकडा असतो. डी३५००चा शटर लाखभर फोटोंसाठी तपासलेला, तेव्हा वीस-तीस हजार म्हणजे तरणाताठा. कॅननच्या लहान बॉडींत तो आकडा फोटोत लिहिलेला नसतो, तिथे रबराची झीज आणि बटणांची चकाकी वाचावी लागते. मग एफ १६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, आभाळाचा एक फोटो. त्यात दिसणारे करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, किंमत थोडी उतरवून घ्यायची, बस.

लेन्समधली बुरशी मात्र साफ होईलच असे नाही. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरके पाहा. कॅननची लेन्स बॉडीवरून काढली की पूर्ण उघडी असते. नावात ‘जी’ असलेल्या निकॉन लेन्समध्ये उजेड कमीजास्त करणारा पडदा मिटलेला असतो, मागच्या कडेची बारीक दांडी नखाने सरकवून धरायची. सुटे कण दिसले तर सोडून द्या. काचेच्या काठाकडून आत शिरणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून उठा. बुरशी काचेवरचा लेप खाते. पुसली तरी व्रण राहतो.

आणि आपण घेतलेली चांगली लेन्स चार महिन्यांच्या गोव्याच्या पावसात तशी होऊ नये, म्हणून बजेटचा पहिला वाटा त्या कामाला. हातात ४० हजार असतील, तर ५ हजार आधीच बाजूला: कार्ड, जादा बॅटरी, फुंकणी, घट्ट झाकणाचा दहा लिटरचा प्लास्टिक डबा, अर्धा किलो सिलिका जेल आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेल नारिंगी घ्यावे, ओलावा शोषून हिरवे झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. निळे जेल विषारी, त्यात कोबाल्ट असते, ते पोळ्यांच्या तव्यावर नको. तांदळाचा डबा हा घरगुती उपाय तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगेत भरण्यापुरता उत्तम आहे. कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची जुनी रीत खरोखर चालते, फक्त वीज असेपर्यंत. आणि आषाढात ती कधी असते ते वेगळे सांगायला नको. कॅमेऱ्याची कापडी पिशवी डब्यात घालू नका, तीच ओल धरून बसते.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला, की काचेवर लगेच वाफ धरते. ती शर्टाच्या टोकाने पुसू नये. पुसली की पुन्हा धरते, आणि शर्टावर समुद्राचे मीठ आलेले असते. पिशवीची चेन बंद ठेवून वीस मिनिटे थांबावे. एवढ्यात चहा होतो.